हळदीचे पाच पंजे आणि कच्चा क्लिअर

आयुष्यात पहिल्यांदा चंदेरी गाडी रंगवली, त्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत ती नुसती घासत बसलो होतो. झालं असं की, तोवर मी सगळे सरळ रंग मारलेले. पांढरा, लाल, निळा, आणि गिऱ्हाईक फारच शौकीन निघालं तर चॉकलेटी. हे रंग लय गुणाचे. फवाऱ्याच्या गनमधनं निघाले, पत्र्यावर बसले, वाळले की आपले आपण चमकतात. वर थोडी पॉलिश केली की गिऱ्हाईक त्यात बघून भांग पाडतं. हा चंदेरी मात्र वाळला आणि असा मेल्यासारखा पडून राहिला, जसं काही पत्र्याला राख फासलीय. मला वाटलं डबाच खराब निघाला. मग पॉलिशचं कंपाउंड घेतलं आणि घासायला बसलो. जितका घासावा तितका रंग फडक्यावर यायला लागला आणि मी खूश, की चला, काहीतरी निघतंय.

दुपारी मुंबई नाक्यावरचा एक म्हातारा पेंटर चहा प्यायला आमच्याकडं आला. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, कपातला चहा सावकाश संपवला आणि म्हणला, “अरे, याच्यावर क्लिअर मारायचा राहिलाय. तू भाकरी थापली आणि तव्यावर न टाकताच वाढतोयस.”

क्लिअर म्हणजे बिनरंगाचा रंग. दिसायला पाण्यासारखा आणि वास असा की नाकातले केस सरळ होतात. चंदेरी, सोनेरी असल्या रंगांवर तो मारला की मगच चमक येते, नाहीतर नाय. नव्वद सालानंतर नाशकात अशा गाड्या यायला लागल्या होत्या आणि आम्ही जुने लोक एकेक करून उघडे पडत होतो. मी सगळ्यांच्या आधी पडलो.

आता मला हे आधी का माहीत नव्हतं, तर डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. माझी शाळा तिसरीत सुटली. कळवणकडच्या आमच्या गावात मास्तर आठवड्यातनं तीन दिवस यायचे आणि मी नेमका उरलेले तीन दिवस जायचो. त्यामुळं मराठी मी बोट ठेवून वाचतो आणि इंग्रजीला लांबनं नमस्कार. डबे मी झाकणाच्या रंगावरनं ओळखायचो. एकदा दुकानदारानं दुसऱ्या झाकणाचा माल दिला, तर मी थिनर समजून हार्डनरनं गन धुतली. सकाळी गन अशी बसलेली, तिच्यात खिळापण शिरेना. ती गन अजून आमच्या घरी हाय. बायको दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावते.

पण एकदा क्लिअर कळला म्हणल्यावर मला काही धीर निघेना. मी सायकलीला मारला. देव्हाऱ्याला मारला. एक दिवस थोडा उरला म्हणून बायकोच्या पोळपाटाला मारला. पोळपाट असा झाला, लाटताना तिला स्वतःचं तोंड दिसायला लागलं. पण आठ दिवस पोळ्यांना थिनरचा वास. बायको म्हणली, “आता एक हात तुमच्या तोंडावर मारा. आतलं बाहेर तरी येणार नाय.”

क्लिअर दोन जातीचा असतो. कच्चा आणि पक्का, ही नावं माझी. कच्चा म्हणजे डबा उघडला, थिनर घातला, मारला, तासाभरात वाळला. पक्क्याचे डबे दोन. एकात क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. दोघांचं माप धरून मिसळायचं, मारायचा, आणि मग दोन दिवस गाडीकडं नुसतं बघायचं. आठवडाभर तरी वर काही सांडायचं नाय, चिकटवायचं नाय. पण एकदा का तो आतनं वाळला की दगड. कच्चा किती जरी वाळला तरी थिनरचं फडकं लावलं की परत पातळ होतो. पक्क्याला काही होत नाय.

कुठल्या गाडीला कुठला, हे मी हळूहळू शिकलो, दरवेळी एकेका गिऱ्हाइकाचा जीव घेऊन. सटाण्याची कांद्याची पिकअप असली तर कच्चा. गोण्या चढवताना ती घासणारच, मग घासलेल्या जागी परत एक हात मारता येतो. द्राक्षवाल्याच्या गाडीला पक्का, कारण त्याच्यावर सारखे औषधाचे शिंतोडे. लग्नात भाड्यानं जाणाऱ्या गाडीलाही पक्काच. तिच्यावर चिकटपट्टीनं फुलं लावतात. मी एकाला कच्चा मारून दिला होता, तर फुलं काढताना फुलांबरोबर क्लिअर पण नवरीच्या घरी राहिला. आणि काळी गाडी असली तर पक्का मारायचा आणि मारताना श्वासही घ्यायचा नाय. वर एक डास बसला की तो कायमचा. एका वकिलाच्या काळ्या गाडीवर माझे तीन डास होते. मी त्याला म्हणलं, साहेब, नजर लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेत.

हे सगळं यायला लागल्यावर मी भाव खायला लागलो. गिऱ्हाईक आलं की एक गाडी दाखवायचो, कापसाचा बोळा थिनरात बुडवून तिच्या टपावर घासायचो आणि बोळा त्याच्या नाकासमोर धरायचो. “बघा. पांढराच्या पांढरा. याला म्हणतात पक्का. कुणी फसवत असलं तर त्याच्यासमोर बोळा लावा, लगेच कळतंय.” माझ्याच तोंडानं मी लोकांना ही अक्कल वाटत होतो.

दोन हजार साल यायला दोन-तीन वर्षं असतील, तेव्हा मॅडम आल्या. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायच्या, आमच्याच रस्त्यावरच्या एका जुन्या स्कूलमध्ये. तिथली नोकरी सोडली होती आणि एक जुनी गाडी घेऊन स्वतःचं स्कूल काढत होत्या. नोकरी सोडताना तिथले मालक चार लोकांत म्हणले होते, “काढू द्या. दिवाळीनंतर ती गाडी विकायला निघेल तेव्हा आपणच घेऊ.” हे मला मॅडमनीच सांगितलं. राग न आणता सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

दसऱ्याला मुहूर्त होता. दुसऱ्या दिवसापासनं कॉलनीतल्या चार बायका शिकायला येणार होत्या. त्या चौघी आधी जुन्या स्कूलकडंच निघालेल्या, मॅडमच्या शब्दावर थांबलेल्या. गाडी बघून नक्की करू म्हणलेल्या.

“शिकायच्या गाड्या सगळ्या पांढऱ्या आणि पोचे पडलेल्या असतात,” मॅडम म्हणल्या. “बाई त्यात बसली की तिला वाटतं आपण गुरांच्या गाडीत बसलोय. मला चंदेरी करून द्या. आणि क्लिअर चांगला मारा. कोणता चांगला?”

मी लगेच बोळा काढला, शेजारच्या पक्का मारलेल्या गाडीच्या टपावर घासला, नाकासमोर धरला. त्यांनी नीट बघितलं, वास घेतला आणि म्हणल्या, “मग हाच.”

गाडी माझ्याकडं पितरांच्या पंधरवड्यात आली. मी म्हणलं, मॅडम, पितरात रंगाला हात लावत नसतात.

“बरं. पण पोचे काढून पुट्टी भरायला काय हरकत आहे?”

“पुट्टीपण रंगाची बहीणच की.”

खरं कारण असं होतं की त्या पंधरवड्यात टीव्हीवर क्रिकेटच्या मॅच चालल्या होत्या आणि गॅरेजसमोरच्या पानाच्या टपरीवर टीव्ही होता. पितर बिचारे काही बोलत नाहीत, म्हणून मी सगळं त्यांच्या नावावर टाकलं.

मग घट बसले आणि सगळं नाशिक माझ्या दारात. दसऱ्याला ज्याला त्याला गाडी नवी पायजे. रिक्षा, टेम्पो, दिंडोरीचे ट्रॅक्टर. मी कुणालाच नाय म्हणलं नाय. त्यात परतीचा पाऊस अधनंमधनं येऊन टपकत होता. मॅडमच्या गाडीला चंदेरी मारला तेव्हा नवमी उजाडली होती. दुपारी मी पक्क्याचे दोन डबे हातात घेऊन उभा राहिलो. वर आभाळ. दोन दिवस गाडीला हात लावायचा नाय आणि पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे मॅडमना सांगायला पायजे होतं की मुहूर्त चुकला आणि तो माझ्यामुळं चुकला.

मी दोन्ही डबे खाली ठेवले आणि कच्च्याचं झाकण उघडलं.

संध्याकाळी मॅडम आल्या. गाडी अशी चमकत होती की मलाच वाटायला लागलं आपण काही वाईट केलेलं नाय. त्यांनी बॉनेटभोवती एक फेरी मारली.

“पेंटर, पक्का मारला ना?”

“मॅडम, पक्क्यापेक्षा पक्का.”

“पण तुम्ही म्हणाला होतात, आठवडाभर वर काही लावायचं नाही. उद्या पूजा आहे.”

“लावा बिनधास्त. मी हार्डनर जास्त घातलाय.”

हे वाक्य माझ्या तोंडातनं इतकं सहज निघालं की पुढची दोन मिनिटं मी स्वतःच ते खरं धरून चाललो.

दसऱ्याला मॅडमनी आम्हा नवराबायकोला जेवायलाच बोलावलं. पेंटरला कोण पूजेला बोलावतं? मला इतकं भरून आलं की मी धुतलेला शर्ट घातला. त्यांच्या सासूबाई गावाकडनं आल्या होत्या. ठेंगण्या, कडक, आवाज असा की शेजारचं कुत्रं बसलं. मला वाटलं होतं, शहरातली पूजा, बॉनेटवर कुंकवाचं एक बोट आणि झेंडूची माळ. सासूबाईंनी पितळीत हळद घेतली, तिच्यात तेल ओतलं आणि पिठासारखी मळली.

“आजी,” मी हळूच म्हणलं, “एवढी कशाला? एक टिकली बास.”

“का रं बाबा? बैलाला लावतो, ट्रॅक्टरला लावतो, मंग सुनंच्या गाडीनं काय पाप केलंय?” असं म्हणून त्यांनी अख्खा पंजा पितळीत बुडवला आणि बॉनेटच्या मधोमध उमटवला. मग चारी दारांवर एकेक. पाच पंजे. दाबून. नंतर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आठ दिवस तोंड लपवून बसलेलं ऊन नेमकं त्याच वेळी आभाळातनं बाहेर आलं. मी उन्हाकडं बघितलं. ऊन लागलं की कच्चा मऊ पडतो.

थोड्या वेळानं जुन्या स्कूलचे मालक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं दिली, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणले, “छान आहे. टिकू दे म्हणजे झालं.” मॅडमनीही त्यांना सोनं दिलं.

जेवण उशिरा झालं. माझी तिसरी पुरी श्रीखंडात बुडलेली असताना मॅडम बाहेरनं आल्या. “पेंटर, जरा बाहेर येता?” पाच वाजता त्या चार बायका गाडी बघायला येणार होत्या म्हणून मॅडम गाडी पुसायला गेल्या होत्या. कुंकू निघालं. फुलं निघाली. पंजे निघाले नव्हते. चंदेरी गाडीवर पाच पिवळेजर्द हात, बोटं मोजून घ्या. कच्च्यात तेल मुरलं होतं आणि तेलाबरोबर हळद.

मी ओल्या फडक्यानं घासलं. साबण लावला. पंजा आणखी ठसठशीत झाला.

“हळद हाय मॅडम,” मी म्हणलं. “उन्हात आपोआप उडून जाते.”

“किती दिवसांत?”

“असं बघा... दिवाळीपर्यंत.”

हे बोललो आणि जीभ चावली. दिवाळीचं नाव मी तरी घ्यायला नको होतं. मॅडमनी फडकं माझ्या हातातनं काढून घेतलं.

“थिनर आहे तुमच्याकडे?”

“थिनरचं काय काम हाय मॅडम? उगाच...”

“पक्क्याला थिनर लागत नाही. तुम्हीच दाखवलंत. सासूबाई, जरा कापूस देता?”

मी तिथल्या तिथं दहा कारणं शोधली. थिनर संपलाय. कापूस शुभ नसतो. पण थिनरची बाटली माझ्याच सायकलीच्या पिशवीत होती आणि माझ्या बायकोनं ती आणून दिली. मॅडमनी बोळा बुडवला आणि बॉनेटवरच्या पंजाच्या अंगठ्यावर घासला. एकदा, दोनदा. मग तो बोळा माझ्या नाकासमोर धरला, मी लोकांच्या धरायचो तसाच. बोळ्यावर हळद होती, क्लिअर होता आणि चंदेरीपण होता. तिघं जोडीनं निघाले होते. खाली प्रायमरचा, म्हणजे सगळ्यात आतल्या हाताचा, करडा ठिपका उघडा.

“पक्क्यापेक्षा पक्का म्हणजे हे का?”

मी खाली बघितलं. सासूबाई म्हणल्या, “म्हंजे यानं खोटं सांगितलं?” आणि माझी बायको, जिनं माझ्या बाजूनं दोन शब्द बोलावेत अशी माझी तिथं उगाच आशा होती, ती म्हणली, “मावशी, आमचं लगीन ठरवताना सांगितलं होतं पोरगा शिकलेला हाय. तवाबी हळद लागल्यावरच कळलं.”

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी दाबलं. तेवढ्यात गेटमधनं चार बायका आल्या.

त्यांनी गाडी बघितली. पिवळे पाच हात, मधे करडा ठिपका, बाजूला मान घालून उभा मी. एक बाई गाडीजवळ न येताच म्हणल्या, “मी जरा घरी विचारून सांगते हं,” आणि गेल्या. मॅडम त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. मला त्या वेळी गाडीखाली जाऊन झोपावंसं वाटत होतं. एक गेली, अजून तिघी गेल्या की झालं. नोकरी सोडलेली, गाडी घेतलेली, आणि सगळं माझ्या मॅचपायी.

मग उरलेल्या तिघींतल्या एकीनं, जाडजूड चष्मा होता त्यांना, त्या खरडलेल्या ठिपक्यावर बोट फिरवलं आणि म्हणल्या, “बरं झालं बाई. मला रात्रभर धाकधूक होती, नव्या कोऱ्या गाडीला माझ्याकडून काही लागलं तर. आता लागलं तरी कुणाला कळणार नाही.” दुसऱ्या दोघी हसल्या आणि दार उघडून आत बसून बघायला लागल्या.

मॅडमनी ते ऐकलं. चेहऱ्यावरनं कळत होतं की काहीतरी हिशेब चाललाय. मग माझ्याकडं वळल्या.

“सकाळी सात ते दहा गाडी माझी. दहानंतर तुमची. पक्का मारायचा, पण माझा एकही दिवस मोडता कामा नये. आणि जी बाई गेली, तिच्या जागी चौथी तुम्ही आणायची. उद्याच.”

“मी कुठनं आणू मॅडम?”

सगळ्यांच्या नजरा माझ्या बायकोकडं गेल्या. माझीपण.

“मी?” बायको म्हणली. “मला सायकल येत नाय.”

“उत्तम,” मॅडम म्हणल्या. “म्हणजे वाईट सवयी मोडायला नकोत.”

दुसऱ्या दिवशी मी बॉनेटच काढून नेलं. चार बोल्ट, सुटलं. ते घासून, परत चंदेरी मारून, पक्का मारून मी दोन दिवस आत ठेवलं, आणि दोन दिवस मॅडमची गाडी गंगापूर रोडला बिनबॉनेटची फिरली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. चष्मेवाल्या बाई म्हणे खूश होत्या, “आता कळलं तो आवाज कुठून येतो!” मॅडमनी त्याचाही धडा केला. हा पंखा, ही बॅटरी, इथं पाणी बघायचं. जुन्या स्कूलमध्ये बॉनेट कधी उघडून दाखवलं नव्हतं, असं एकीनं सांगितलं.

बॉनेट बसलं, मग टप केला. त्यासाठी शनिवारी दुपारपासनं सोमवारी सकाळपर्यंत गाडी मिळाली. आता दारं राहिली होती. मंगळवारी सकाळी मी दारं उतरवायला पाना घेऊन हजर, तर गाडी आली तीच डाव्या दारावर हातभर ओरखडा घेऊन. शिकवायच्या मैदानाच्या फाटकाला घासलेलं. चालवत होती माझी बायको.

“फाटक मधे आलं,” ती म्हणली.

“फाटक कालपण तिथंच होतं.”

“काल मी दुसऱ्या बाजूनं वळले होते.”

मॅडम उतरल्या आणि त्या ओरखड्यापाशी बराच वेळ उकिडव्या बसल्या. मग मला विचारलं, “हे दुरुस्त करायला किती वेळ?”

मी खोटं बोलायची जागा शोधली, सवयीनं, पण हाती काही लागलं नाही. “इथं कच्चा हाय ना मॅडम. घासायचं, रंगाचा एक हात, क्लिअरचा एक हात. तासाभरात जाते गाडी. जोड पण दिसत नाय.”

“आणि पक्का असता तर?”

“मग अख्खं दार करायला लागतं. मधेच जोड दिला तर दिसतो. दोन दिवस.”

“आणि दारं, कोपरे तर रोज घासणार.”

“आमच्या घरची बाई हाय तोवर नक्की.”

बायकोनं मला कोपर मारलं.

“मग दारांना आणि कोपऱ्यांना कच्चाच राहू द्या,” मॅडम म्हणल्या. “हळदीचं तेवढं काढा आणि परत कच्चा मारा. बॉनेट आणि टप पक्का, तिथं ऊन लागतं आणि तिथं सासूबाईंचा हात लागतो. दारावर पुढच्या वर्षी हळद लावू देणार नाही, मी बघते. दर रविवारी येऊन कोपरे दुरुस्त करायचे. हे देणं तुमच्याकडे लागलं.”

मी बघतच राहिलो. दहा वर्षं गन धरून मला जे सुचलं नव्हतं ते या बाईंनी उकिडवं बसून पाच मिनिटांत काढलं. एकाच गाडीला दोन क्लिअर! मग माझ्यातला शहाणा जागा झाला.

“पण मॅडम, म्हणजे दारांना मी आधी मारलेला कच्चा बरोबरच होता की!”

“बरोबर होता,” त्या म्हणल्या. “फक्त तुम्ही त्याला पक्का म्हणाला होतात.”

मी पाना पिशवीत टाकला आणि घासायला बसलो.

दर रविवारी मी जायचो. एका अंगानं बघितलं तर बॉनेटची चमक आणि दाराची चमक वेगळी दिसायची, पण ते मला, दुसऱ्या कुणाला नाय. कोपरे बघून मला कळायचं आठवड्यात काय काय झालं. मागचा उजवा म्हणजे चष्मेवाल्या बाई, त्यांना मागं घेताना मागं बघायला आवडायचं नाही. डावं दार आमच्या घरचं. चौघींनाही लायसन मिळालं, माझ्या बायकोला दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला आरटीओच्या साहेबानं रस्त्यावरची पाटी दाखवून विचारलं हे काय, तर ही म्हणली, “तुम्हाला माहीत नाय का?” दिवाळी आली, गेली. गाडी विकायला निघाली नाही. उलट दिवाळीच्या पाडव्यालाच नव्या आठ बायकांची नावं लिहिली गेली, त्यात दसऱ्याला गेटातनं परत गेलेल्या बाईपण होत्या.

उन्हाळा लागायच्या सुमाराला जुन्या स्कूलचे मालक माझ्या शेडवर आले. बायकांना शिकवायची पांढरी गाडी घेऊन, चारी बाजूंनी पोचे पडलेली. खुर्ची पुसून दिली तरी बसले नाहीत.

“काय रे पेंटर, त्या बाईच्या गाडीला काय मारलंयस तू? मलापण तसलीच चंदेरी पायजे. आणि क्लिअर तोच.”

“साहेब, ते मला नका विचारू,” मी म्हणलं. “क्लिअर त्या ठरवतात.”

“म्हणजे मी तिला जाऊन विचारू?”

“मी विचारून येतो की.”

मी सायकल काढली आणि मॅडमकडं गेलो. त्या खडूनं जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा काढत होत्या, वळायच्या सरावासाठी. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातावरचा खडू झटकला, थोडा विचार केला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणल्या, “सांगा त्यांना, पक्का मारा. सगळीकडे. आणि नीट वाळू द्या. आठवडाभर गाडी रस्त्यावर काढायची नाही.”

“सगळीकडं? दारांना पण?”

“चांगला कोणता, हेच विचारलंय ना त्यांनी?”

मी परत येऊन मालकांना शब्दाला शब्द सांगितलं. दारांचं त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. गाडी आठवडाभर माझ्या शेडमध्ये वाळत उभी राहिली, आणि त्या आठवड्यात सकाळी मॅडमच्या गाडीत जुन्या स्कूलच्या दोन बायका जास्त दिसायला लागल्या.